पाठकोरे काकांची वेबसाइट

१४ ऑगस्ट २०२२, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम १४९ रुपये, त्यावर अठरा टक्के कर, एकूण १७५ रुपये ८२ पैसे. हजर: पाठकोरे काका, काकू आणि मी. स्थळ आमच्या फरीदाबादच्या घरातलं जेवणाचं टेबल, कारण लॅपटॉप माझा होता आणि इंटरनेटही माझं. या दोन्हींचे मला वेगळे पैसे पडत नाहीत ना, हे काकांनी आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतलं होतं. पैसे गेल्याचा मेसेज आला तसं त्यांनी विजेच्या जुन्या बिलाच्या मागे ती रक्कम पैशांसकट लिहिली, खाली सही केली आणि बिल माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही पण करा ताई. साक्षीदार."

पाठकोरे हे त्यांचं आडनाव नव्हे. एका बाजूने वापरलेला आणि मागून कोरा असलेला कागद, तो पाठकोरा. काकांच्या घरात विकत आणलेली वही कधी दिसली नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते लघुलेखक म्हणून लागले आणि साहेबांचे खाजगी सचिव म्हणून निवृत्त झाले. अडतीस वर्षांत रद्दीत निघालेली परिपत्रकं त्यांनी परवानगी काढून घरी आणली होती, आणि वाणसामानाच्या यादीपासून डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांपर्यंत सगळं त्यांच्या पाठीवर लिहिलं जायचं. आमच्या मराठी मंडळात हे नाव पडलं. इथे वाढलेल्या मुलांना तो शब्दच माहीत नसल्यामुळे त्यांना ते खरं आडनाव वाटायचं. माझ्या मुलीने एकदा कार्यक्रमाच्या आमंत्रणावर 'श्री. पाठकोरे' असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. काकांनी तिला कधीच सुधारलं नाही. पाकीट मात्र उकलून, उलटं करून वापरलं.

ते मूळचे वर्धा जिल्ह्यातले. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही बोलण्यातला 'जी' आणि 'पोट्टे' गेले नव्हते. फोन उचलला की 'जय भीम', आणि दोन मिनिटं झाली की 'ठेवतो जी, बॅलन्स जाते'. फोनवर बोलण्याचे पैसे मिनिटामागे पडणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, हे त्यांना मी दोनदा समजावलं. "बिल्कुल बरोबर," ते म्हणायचे, "पण सवय जाते ना ताई, माणसाची."

वेबसाइट त्यांना हवी होती ती या पोट्ट्यांसाठी. विदर्भातून स्पर्धा परीक्षांसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी मुलं-मुली दिल्लीत येतात. गाडीतून उतरल्यापासून पहिले सात दिवस त्यांना सगळ्यात महाग पडतात, असं काकांचं म्हणणं होतं. खोली कुठे मिळते, भाडं किती, अनामत किती, दलालाला काय द्यायचं आणि काय मुळीच द्यायचं नाही, मेस, दवाखाना, मेट्रोचं कार्ड, सगळं मराठीत, फुकट, एका ठिकाणी. नाव त्यांनीच ठरवलं होतं, 'पहिला आठवडा'.

एवढं त्यांच्या जिवाला का लागलं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बाविसाव्या वर्षी नेमणुकीचं पत्र घेऊन ते दिल्लीत उतरले तेव्हा खिशात तीनशे दहा रुपये होते. स्टेशनबाहेर भेटलेल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने खोली दाखवली, तीनशे घेतले, किल्ली दिली. संध्याकाळी त्या खोलीत एक कुटुंब स्वयंपाक करत होतं. चार रात्री ते फलाटावर झोपले आणि पाचव्या दिवशी त्याच सदऱ्यात कामावर रुजू झाले. "साहेबांनी नाक मुरडलं," ते म्हणाले. "मी समजलो, माझ्या जातीमुळे. मग कळलं, वासामुळे. आता दोन्हीतलं काय होतं, कोणाले माहीत." आणि हसले. मला हसता आलं नाही.

खर्चाच्या बाबतीत त्यांचा एकच प्रश्न असे. "हे पोट्ट्याच्या कामाचं, की आपल्या हौसेचं?" साइटचं नाव विकणाऱ्या कंपनीच्या पानावर त्या रविवारी आधी ४,८६३ रुपये अशी बेरीज आली होती. मी मुळात हिशोबाच्या खात्यातली, नोएडातल्या एका कंपनीचं लेखापालन बघते. न मागितलेल्या वस्तूंच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते, हे मला माहीत होतं. मी एकेक खूण काढत गेले आणि काका प्रत्येक वेळी विचारत गेले.

"हे काय?"

"नावाचा वेगळा ईमेल. महिन्याला सव्वाशे."

"माझा ईमेल आहे ना. हौस. काढा."

"हे लोगो बनवून देतात."

"पोट्टा लोगोत झोपन का? काढा."

"हे म्हणतात, तुमची साइट शोधात वर दिसेल."

इथे त्यांनी वाकून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "वर दिसायला आपण चिठ्ठ्या छापू. काढा."

काकू बाजूला मटार सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं लक्ष माझ्या गुडघ्याकडे दिलं असतं तर मी आज वैष्णोदेवी चढले असते."

"तुम्ही कधीपासून वैष्णोदेवीला जायला लागल्या?" काकांनी विचारलं.

"उदाहरण दिलं."

शेवटी एकच गोष्ट विकत घेतली, साइटचं नाव, तेही एका वर्षापुरतं. ते घेणं भाग होतं, कारण फुकटच्या पत्त्यात त्या फुकट देणाऱ्या कंपनीचं लांबलचक नाव मधे यायचं आणि गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावरून ते कुणी धड उतरवून घेतलं नसतं. पानं ठेवायची जागा फुकट मिळाली, साचा फुकट मिळाला. फोटो काकांनी स्वतःच्या फोनवर काढले आणि मुद्दाम बारीक करून घेतले, म्हणजे उघडताना मुलांचा डेटा खाणार नाहीत. मजकूर काकांनी सांगायचा, मी टाइप करायचा. पहिल्या वर्षीचा सगळा खर्च, दोन हजार चिठ्ठ्यांची छपाई आणि टपाल धरून, ३,२१० रुपये झाला. चिठ्ठ्या अर्थातच पाठकोऱ्या कागदांवर होत्या. वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर इथल्या एक्केचाळीस वाचनालयांत आणि अभ्यासिकांत त्या गेल्या. साइटचा पत्ता मोठ्या अक्षरात, खाली काकांचा फोन नंबर.

पैसे वाचवताना त्यांनी जे वाचवलं नाही, ते स्वतःचे पाय. ऐकीव खोली यादीत येत नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मेट्रोने कोचिंगच्या गल्ल्यांत जात, स्टेशनपासून ई-रिक्षाचे दहा रुपये वाचवून चालत जात, आणि खोली बघत. पलंगावर बसून बघत, नळ सोडून बघत, दाराची कडी आतून लावून बघत. घरमालक बोलायला लागला की ते लघुलिपीत त्याचं बोलणं शब्दशः उतरवून घेत आणि शेवटी त्यालाच वाचून दाखवत. एकदा मी बरोबर होते. मालक म्हणाला होता, "बिजली का जो बनेगा सो बनेगा, अंकल, बच्चों से क्या झगड़ा." काकांनी कागदावरच्या रेघोट्यांकडे बघत तेच वाक्य त्याच सुरात परत म्हटलं आणि विचारलं, "जो बनेगा, यानी कितने रुपये यूनिट?" मालकाचा चेहरा उतरला. "अंकल, आप थाने से हो क्या?" काका शांतपणे म्हणाले, "नहीं. मैं बच्चों का स्टेनो हूं." दर युनिटला नऊ रुपये ठरला. तो यादीत तसाच छापला गेला.

वर्ष संपायला दहा दिवस उरले की त्यांचा फोन यायचा. "ताई, रविवारी वेळ आहे का? नाव भरायचं आहे." कार्डाचा नंबर कंपनीकडे ठेवून पैसे आपोआप जाऊ द्यायचे, ही सोय आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली होती. दोघांचंही त्यावर एकमत होतं. न विचारता खात्यातून पैसे जाणं हे आम्हा दोघांनाही चोरीसारखंच वाटायचं.

पहिल्या नूतनीकरणाला दर १४९ वरून १,०९९ झाला, करासकट १,२९६ रुपये ८२ पैसे. मला धक्का बसला नाही, हे असंच असतं. मी एका वर्षाचं भरायला घेतलं, तेव्हा काकांनी माझा हात थांबवला.

"ताई, दहा वर्षांचं भरता येते ना?"

"येतं. पण कशाला?"

"भरून टाकू."

मी गुणाकार केला. १२,९६८ रुपये वीस पैसे. पाच वर्षांच्या ओळखीत मी त्यांना एका वेळी एवढा खर्च करायला निघालेलं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना समजावलं. तेच बारा हजार मुदत ठेवीत ठेवले तर पहिल्या वर्षी आठशेच्या वर व्याज येईल. दर वाढतीलच असं नाही. साइट पाच वर्षांनी लागेल की नाही कोण सांगणार. आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत. माझा प्रत्येक मुद्दा बरोबर होता. आजही कागदावर बरोबर आहे.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे जी. पण मी राहीन का नाही, हे तुमच्या कोणत्या खान्यात बसते?"

"काका, असं काय बोलता? आणि मी आहे ना."

"अच्छा. तुम्ही आहात," ते म्हणाले. "मग एक वर्षाचं भरा."

मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. त्यांच्या निवृत्तिवेतनातले साडेअकरा हजार मी वाचवले, असं मी घरी सांगितलंही.

२०२५च्या जानेवारीत त्यांच्या पोटात दुखू लागलं. ते त्यांनी मार्चपर्यंत अंगावर काढलं, तपासण्या महाग म्हणून नव्हे, तर परीक्षांचा मोसम होता आणि फोन येत होते म्हणून. एप्रिलमध्ये निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून घेतलं. मी मे महिन्यात इस्पितळात भेटायला गेले. हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरोपाचं बोलतील.

"यादीतली सात नंबरची खोली काढा," ते म्हणाले. "तिथल्या पोट्टीचा फोन आला होता. दाराची कडी तुटली आहे, मालक लावून देत नाही."

"काढते."

"आज काढा."

मी तिथेच, बाकावर बसून, फोनवरून ती खोली काढली आणि त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. अंत्यसंस्काराला मंडळातली वीसेक माणसं होती आणि कुणी न बोलावता आलेली साठ-सत्तर मुलं-मुली. आपापली वर्गणी काढून त्यांनी फुलं आणली होती. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "एवढी फुलं बघून ओरडले असते."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मला कुणाचा फोन आला नाही. कंपनीचे स्मरणपत्रांचे ईमेल काकांच्या पत्त्यावर गेले, आणि तो उघडणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांच्या तारखा सांभाळणं हेच माझं काम असूनही, ही एक तारीख मी कधी लिहून ठेवली नव्हती, कारण ती मला सांगायला माणूस होता. सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला ऑफिसातल्या एका नूतनीकरणाच्या बिलावर सही करताना एकदम आठवलं. साइट उघडून बघितली. पांढरं पान.

मी कंपनीला फोन केला. महिनाभराची सवलतीची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली होती. आता नाव सोडवून घ्यायचं तर दंड सहा हजार, त्यावर कर, वर नेहमीचं वर्षाचं शुल्क. एकूण ८,३७६ रुपये ८२ पैसे. "नाही भरले तर?" मी विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, फिर एक महीने बाद नाम फ्री हो जाएगा. कोई भी ले सकता है."

कोणीही, म्हणजे मीही. नवं नाव म्हणून घेतलं तर पहिल्या वर्षाचे १७५ रुपये ८२ पैसे. फरक ८,२०१ रुपयांचा. मी विचार केला की मुलांची मोठी लाट जानेवारीत येते, तोवर साइट महिनाभर बंद राहिली तर कुणाचं काय बिघडतं. काकूंना विचारलं नाही. काका असते तर त्यांनी दंड ऐकूनच कपाळाला हात लावला असता, असं मी स्वतःला सांगितलं. हे खरं नव्हतं, आणि मला ते तेव्हाही माहीत असावं. त्यांनी एकच प्रश्न विचारला असता आणि मी पैसे भरले असते.

ऑक्टोबरमध्ये नाव मोकळं व्हायच्या दिवशी मी सकाळी नऊपासून लॅपटॉप उघडून बसले. साडेअकराला बघितलं तेव्हा नाव गेलेलं होतं. अशी सुटलेली नावं टिपणारी यंत्रं असतात, ती एका क्षणात उचलतात, हे मला नंतर कळलं. मध्यस्थामार्फत विचारणा केली, तर नव्या मालकाने एक लाख ऐंशी हजार मागितले. मी नाद सोडला. काकांनी बघितलेल्या खोल्यांची यादी फुकटच्या जागेवर अजून होती. मी एक दिवस बसून फोन लावले. एकोणीसपैकी सहा मालकांनी भाडं वाढवलं होतं, तीन नंबर बंद होते, आणि बाकीच्यांनी सांगितलेलं खरं की खोटं हे जाऊन बघायला कुणी उरलं नव्हतं. खोटी यादी ठेवण्यापेक्षा नसलेली बरी, म्हणून मी ती पानंही काढून टाकली.

चिठ्ठ्या मात्र एक्केचाळीस ठिकाणी लागलेल्याच होत्या. त्यांचा मी विचारच केला नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काकांचा मोबाइल त्यांनी चालू ठेवला होता. "एका मुलीचा फोन आलाय. स्टेशनवर आहे. काका आहेत का म्हणते. मी काय सांगू?"

आम्ही दोघी दुपारी निजामुद्दीनला गेलो. प्रांजली, हिंगणघाटची, वय एकवीस. लाल बॅग, पांघरुणाची गुंडाळी आणि हातात पाणी सुटलेल्या डब्याची पिशवी. तिने अभ्यासिकेतल्या चिठ्ठीवरून साइट उघडली होती. आता त्या पत्त्यावर दिल्लीतल्या खोल्यांचंच पान होतं, हिंदीत, हसऱ्या मुलामुलींच्या मोठमोठ्या फोटोंसकट. नोंदणीचे पंधराशे आणि अनामतीचे पाच हजार तिने तिथे भरले. मिळालेल्या पत्त्यावर ती सकाळी गेली, तर तिथे सोफे शिवणाऱ्याचं दुकान. तो म्हणाला, या महिन्यात ही तिसरी.

"मला वाटलं, काकांची साइट बदलली असन," ती म्हणाली. "माझी ताई दोन वर्षांआधी याच साइटवरून आली होती ना जी. तिला एकही रुपया लागला नाही. म्हणून बाबांनी पैसे दिले. नाहीतर ते देतच नव्हते."

काकूंनी तिची पिशवी हातात घेतली. "चल घरी. आधी जेव."

सायबर पोलिसांकडे तक्रार केली, नंबर मिळाला. पुढे काही झालेलं नाही. एक्केचाळीस वाचनालयांना मी पत्रं लिहिली की फळ्यावरची चिठ्ठी काढून टाका. चौदांची उत्तरं आली. त्या सोफेवाल्याने मोजलेल्या आधीच्या दोघांचा पत्ता मला लागला नाही. ते कोण होते, किती रुपये घेऊन आले होते, पहिल्या रात्री कुठे झोपले, यातलं काही मला माहीत नाही.

प्रांजलीचे वडील शिंपी आहेत. मी त्यांना फोन करून खात्याचा नंबर मागितला, तर ते ऐकेनात.

"ताई, पैसे त्या माणसाने घेतले. तुमचा काय संबंध?"

"त्या पत्त्याची जबाबदारी माझ्याकडे होती," मी म्हणाले.

"पण ते काका तर वारले, पोरगी सांगत होती."

"हो. म्हणूनच माझ्याकडे."

काकू म्हणाल्या, अर्धे मी देते. मी नको म्हटलं. २२ डिसेंबरला प्रांजलीच्या वडिलांच्या खात्यात सहा हजार पाचशे रुपये जमा केले.